रिपोर्ट नॉर्मल, तरीही गाठ: तरुणांमधला फायब्रोलॅमेलर लिव्हर कॅन्सर

वय सोळा-सतरा. दोन-तीन महिन्यांपासून चार घास खाल्ले की पोट भरतंय, उजव्या बरगड्यांखाली जड वाटतंय, वजनही थोडं उतरलंय. ॲसिडिटीच्या गोळ्या घेऊन झाल्या, जंताचं औषध झालं, अभ्यासाच्या ताणावरही ढकलून झालं. शेवटी सोनोग्राफी होते आणि लिव्हरमध्ये 11 सेंटीमीटरची गाठ दिसते. धावपळ करून रक्ताच्या तपासण्या केल्या जातात. बिलिरुबिन ठीक, हिपॅटायटिस बी आणि सी निगेटिव्ह, आणि लिव्हरच्या कॅन्सरसाठी जिचं नाव सगळे घेतात ती एएफपीची तपासणीही नॉर्मल. घरच्यांचा जीव भांड्यात पडतो.

फसगत होते ती नेमकी इथे. तरुणांमध्ये होणाऱ्या एका दुर्मीळ लिव्हर कॅन्सरमध्ये हे सगळे रिपोर्ट बहुतेक वेळा नॉर्मलच येतात. त्याचं नाव फायब्रोलॅमेलर कार्सिनोमा, थोडक्यात एफएलसी. 1956 मध्ये अमेरिकी पॅथॉलॉजिस्ट ह्यू एडमंडसन यांनी एका 14 वर्षांच्या मुलीच्या लिव्हरमधल्या अशा गाठीचं वर्णन केलं. हा स्वतंत्र आजार आहे हे मान्य व्हायला मात्र 1980 उजाडलं. लिव्हरमध्येच सुरू होणाऱ्या सगळ्या कॅन्सरमध्ये याचा वाटा जेमतेम एखाद-दुसरा टक्का. त्यामुळे चांगल्या अनुभवी डॉक्टरांनीही उभ्या कारकिर्दीत असा एखादाच रुग्ण पाहिलेला असू शकतो. आजार डोक्यात आला तरच तो सापडतो, अशी ही गोष्ट आहे.

## नेहमीच्या लिव्हर कॅन्सरपेक्षा वेगळा कसा?

लिव्हरचा नेहमीचा कॅन्सर बहुतेक वेळा आधीच खराब झालेल्या लिव्हरमध्ये होतो. वर्षानुवर्षांची दारू, हिपॅटायटिसचा विषाणू किंवा चरबी साठल्यामुळे लिव्हर कडक आणि खडबडीत होतं, म्हणजे सिरॉसिस होतो, आणि त्या जखमी जमिनीत कॅन्सर उगवतो. रुग्ण बहुधा पन्नाशी-साठीचा असतो.

एफएलसीचे बहुतेक रुग्ण 10 ते 35 या वयातले असतात, मुलं आणि मुली साधारण सारख्याच प्रमाणात. गाठ सोडली तर बाकीचं लिव्हर ठणठणीत, मऊ, गुळगुळीत. दारूचा संबंध नाही, विषाणूचा नाही, खाण्यापिण्याचाही नाही. "आमचंच काहीतरी चुकलं असेल" हा विचार आईवडिलांना आतून खात राहतो, म्हणून स्पष्ट सांगायला हवं: हा आजार कुणाच्या वागण्यामुळे झाला, असं दाखवणारा कोणताही पुरावा नाही.

लिव्हर निरोगी असण्याची एक वाईट बाजू आहे आणि एक चांगली. वाईट अशी की निरोगी लिव्हरकडे भरपूर राखीव ताकद असते. गाठ दहा-बारा सेंटीमीटरची होईपर्यंत ते कुरकुर न करता काम करत राहतं, त्यामुळे निदान उशिरा होतं. चांगली बाजू ऑपरेशनच्या वेळी कामाला येते.

## मुळात बिघडतं काय?

2014 मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातल्या गटाने याचं उत्तर 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध केलं. त्या संशोधकांमध्ये एक तरुणी अशी होती, जिला स्वतःला वयाच्या बाराव्या वर्षी हाच आजार झाला होता.

आपल्या 19 क्रमांकाच्या गुणसूत्रावर दोन जनुकं एकमेकांपासून थोड्या अंतरावर बसलेली असतात. एकाचं नाव डीएनएजेबी1, दुसऱ्याचं पीआरकेएसीए. लिव्हरच्या एखाद्या पेशीत या दोघांमधला सुमारे चार लाख अक्षरांचा तुकडा गळून पडतो आणि उरलेली टोकं एकमेकांना चिकटतात. वहीतली मधली पानं फाटून गेली, आणि एका धड्याच्या पहिल्या ओळीला दुसऱ्या धड्याचा मजकूर जोडला गेला, असं समजा. या जोडीला फ्यूजन म्हणतात.

आता दुसऱ्या जनुकाचं काम बघा. पीआरकेएसीए हे एक एन्झाइम बनवतं. ते पेशीत इतर प्रथिनांची बटणं दाबून कामं सुरू करतं. एरवी त्याच्यावर राखणदार प्रथिनं बसवलेली असतात. संदेश आला की राखणदार हात सोडतात, काम झालं की पुन्हा पकडतात. पहिलं जनुक लिव्हरच्या पेशीत सतत जोमाने चालू असतं. त्याची पहिली ओळ पुढे जोडली गेली की हे एन्झाइमही भरमसाट बनू लागतं. बनवणारा यंत्रावर यंत्र सोडतोय, राखणदार मात्र तेवढेच. मोकळी सुटलेली यंत्रं रात्रंदिवस बटणं दाबत राहतात आणि पेशी वाढत सुटते.

हा बदल फक्त गाठीतल्या पेशींत असतो. तो आईवडिलांकडून आलेला नसतो आणि पुढच्या पिढीत जात नाही, त्यामुळे भावंडांची तपासणी करायची गरज नसते. अपवाद कार्नी कॉम्प्लेक्स या अगदी विरळ आनुवंशिक आजाराचा. त्यात राखणदार प्रथिनाचंच जनुक जन्मतः बिघडलेलं असतं आणि क्वचित अशीच गाठ होते. गाठीत फ्यूजन सापडलं नाही तर ही शक्यता तपासावी लागते.

## एएफपी नॉर्मल म्हणजे कॅन्सर नाही, असं का म्हणता येत नाही?

एएफपी हे प्रथिन नेहमीच्या लिव्हर कॅन्सरमध्ये बऱ्याचदा वाढतं. एफएलसीच्या पेशी ते सहसा बनवतच नाहीत. राखणदार कुत्रा भुंकला नाही याचा अर्थ चोर आलाच नाही असा होत नाही. हा चोर त्या कुत्र्याच्या ओळखीचा निघाला, इतकंच. काही रुग्णांत रक्तातली बी12 जीवनसत्त्व वाहून नेणारी प्रथिनं वाढलेली सापडतात, त्यामुळे कुठलीही गोळी न घेता बी12 खूप जास्त दिसतं. त्यावर निदान ठरत नाही, पण सुरुवातीला जास्त असेल तर नंतर आजार परतल्याचा सुगावा लागायला ते उपयोगी पडू शकतं.

आणखी एक खूण डॉक्टरांच्याही नजरेतून सुटते. काही मुलग्यांमध्ये छाती वाढते, कारण गाठीतलं एक एन्झाइम पुरुषी हार्मोनचं इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर करतं. वयात येताना असं होतंच म्हणून ते सोडून दिलं जातं. त्या वयात ते बहुतेक वेळा खरंच निरुपद्रवी असतं. पण सोबत पोट जड असेल, वजन उतरत असेल, तर सोनोग्राफी करून घ्यावी.

## स्कॅनवर ओळखायचं कसं?

सोनोग्राफी फक्त "गाठ आहे" एवढं सांगते. पुढे कॉन्ट्रास्ट देऊन सीटी किंवा एमआरआय करावा लागतो, आणि तो एकाच फेरीत नाही: कॉन्ट्रास्ट धमन्यांतून जाताना, शिरांतून जाताना आणि काही मिनिटांनंतर, अशी तिन्ही वेळची चित्रं हवीत. छातीचा सीटी सोबतच करायचा, कारण फुप्फुसात पसरण्याची शक्यता असते.

एफएलसीची गाठ बहुधा एकच, मोठी, कडा स्पष्ट पण उंचसखल. मधोमध चांदणीसारखा व्रण, त्यातून निघालेले पट्टे, आणि बऱ्याच वेळा व्रणात चुन्याचे कण.

घोळ इथे होतो. तरुण मुलींमध्ये एफएनएच नावाची एक निरुपद्रवी गाठ बऱ्यापैकी आढळते, आणि तिच्याही मधोमध व्रण असतो. तिला उपचारच लागत नाहीत. म्हणजे एकीकडे "काही करू नका" आणि दुसरीकडे "लवकर ऑपरेशन करा", आणि चित्र वरवर सारखं. फरक बारकाईने पाहावा लागतो. एमआरआयच्या टी2 प्रकारच्या चित्रात एफएनएचचा व्रण सहसा उजळ दिसतो, एफएलसीचा काळा, कारण तो घट्ट तंतूंचा असतो. चुन्याचे कण एफएनएचमध्ये फारच क्वचित. एफएनएच बहुधा 5 सेंटीमीटरच्या आत असते आणि लसिकाग्रंथी (लिम्फ नोड) वाढवत नाही. शंका उरलीच तर लिव्हरच्या पेशी शोषून घेतात असं खास कॉन्ट्रास्ट देऊन एमआरआय करतात: एफएनएच ते धरून ठेवते, एफएलसी सहसा धरत नाही. "मधोमध व्रण, एफएनएच असावी, सहा महिन्यांनी दाखवा" असा रिपोर्ट आला आणि गाठ मोठी असेल किंवा तिच्यात चुना असेल, तर लिव्हरचे स्कॅन रोज पाहणाऱ्या रेडिऑलॉजिस्टचं दुसरं मत घ्यायलाच हवं. सहा महिने वाट पाहणं या आजारात परवडत नाही.

## बायॉप्सीने कॅन्सर पसरतो का?

ही भीती घरोघर असते. सुईच्या मार्गात पेशी रुजण्याचा धोका अगदी शून्य नाही, पण तो लहान आहे, आणि निरोगी लिव्हरच्या थरातून सुई नेली तर आणखी कमी होतो. स्कॅन पुरेसा बोलका असेल आणि गाठ काढायचीच असेल, तर काही सर्जन बायॉप्सी न करता थेट ऑपरेशन करतात. ऑपरेशनआधी औषधं द्यायची असतील किंवा आजार पसरलेला असेल, तर मात्र बायॉप्सीशिवाय एक पाऊलही पुढे टाकू नये.

बायॉप्सी जाड सुईची हवी. बारीक सुईने फक्त सुट्या पेशी येतात. या आजारात पेशी जितक्या महत्त्वाच्या, तितकीच त्यांच्या भोवतालची रचना.

सूक्ष्मदर्शकाखाली काचेवर ती रचना अशी दिसते: मोठमोठ्या, बहुकोनी पेशी, आत गुलाबी दाणेदार रस ठासून भरलेला. हे दाणे म्हणजे पेशीला ऊर्जा देणारी मायटोकॉन्ड्रिया, नेहमीपेक्षा कितीतरी जास्त. केंद्रकात ठसठशीत टिंब. आणि या पेशींच्या पुंजक्यांमधून समांतर धावणारे तंतूंचे पट्टे, पापुद्र्यांसारखे एकावर एक. फायब्रो म्हणजे तंतूंचं, लॅमेलर म्हणजे पापुद्र्यांचं. नाव इथूनच आलं.

पॅथॉलॉजिस्ट मग पेशींत सीके7 आणि सीडी68 ही दोन प्रथिनं आहेत का, ते खास रंग लावून बघतात. दोन्ही पॉझिटिव्ह आले तर एफएलसीची शक्यता खूप वाढते. शिक्कामोर्तब होतं ते फ्यूजन सापडल्यावर. त्यासाठी फिश नावाची चाचणी किंवा आरएनएवर आधारित तपासणी करतात. मेणाच्या ठोकळ्यात जपलेल्या जुन्या नमुन्यावरही ती होऊ शकते.

यात एक खड्डा आहे. कॅन्सरच्या जनुकांची मोठी यादी तपासणारी पॅकेजेस पुष्कळदा फक्त डीएनए वाचतात, आणि या फ्यूजनचा जोड ज्या भागात पडतो तो भाग त्यांच्या यादीत नसतो. रिपोर्ट येतो "महत्त्वाचा बदल आढळला नाही", आणि एफएलसी नाही असा अर्थ काढला जातो. म्हणून फॉर्म भरतानाच "डीएनएजेबी1-पीआरकेएसीए फ्यूजन, आरएनएवर" असं लिहून मागावं. उलट बाजूही आहे: स्वादुपिंड आणि पित्तनलिकेतल्या एका वेगळ्या प्रकारच्या गाठींमध्येही हेच फ्यूजन सापडतं. त्यामुळे जनुकाचा रिपोर्ट काचेवरच्या चित्रासोबतच वाचायचा असतो.

## एवढी मोठी गाठ, मग ऑपरेशन होणार कसं?

लिव्हर निरोगी असण्याची चांगली बाजू ती हीच. हा अवयव कापला तरी वाढतो. निरोगी लिव्हरचा पाऊण भाग काढला तरी उरलेला पाव भाग काम सांभाळू शकतो आणि काही आठवड्यांत बराचसा वाढतो. सिरॉसिसच्या रुग्णाला ही मुभा नसते.

ऑपरेशनआधी सीटीवरून लिव्हरचं मोजमाप करतात. समजा गाठ वगळता लिव्हर 1400 मिलिलिटर आहे आणि ऑपरेशननंतर 450 उरणार आहे. म्हणजे 32 टक्के, चालेल. 250 च उरणार असेल तर 18 टक्के; हे कमी पडतं. मग काढायच्या बाजूचा पोर्टल शिरेचा फाटा आतून बंद करतात. आतड्याकडून येणारं पोषक रक्त सगळं उरणाऱ्या बाजूकडे वळतं आणि चार ते सहा आठवड्यांत ती बाजू फुगते. पुन्हा मोजायचं आणि मग ऑपरेशन. "आधी झाली ती प्रक्रिया म्हणजे ऑपरेशन फसलं का?" असं नातेवाईक विचारतात. फसलेलं नसतं, ती तयारी असते.

दुसरी गोष्ट लसिकाग्रंथींची, आणि माझ्या मते सर्जनला भेटताना विचारायचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे. लिव्हरच्या दाराशी, जिथे रक्तवाहिन्या आत शिरतात, तिथल्या ग्रंथींमध्ये एफएलसी पसरण्याचं प्रमाण नेहमीच्या लिव्हर कॅन्सरपेक्षा बरंच जास्त आहे. स्कॅनवर ग्रंथी साध्या दिसल्या तरी आत पेशी असू शकतात. म्हणून पहिल्याच ऑपरेशनमध्ये त्या पद्धतशीर काढायला हव्यात. नेहमीच्या लिव्हर कॅन्सरमध्ये त्या सहसा काढत नाहीत, त्यामुळे आजाराचं नाव आधी माहीत नसेल तर ही पायरी राहून जाते, आणि चिकटलेल्या जागी दुसऱ्यांदा जाणं फार अवघड.

## लिव्हरच बदललं तर?

गाठ फक्त लिव्हरपुरती असेल, ग्रंथींमध्ये काही नसेल आणि तरीही ती कापून काढणं शक्य नसेल, तर प्रत्यारोपणाचा विचार होतो. कापून काढता येणारी गाठ असेल तर प्रत्यारोपण पहिली निवड नसते. त्यानंतर आयुष्यभर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घ्यावी लागतात, आणि कुठे चुकार पेशी उरली असेल तर तिला रोखणारी शरीराची स्वतःची फौजच दुबळी होते. पुढे इम्युनोथेरपीची, म्हणजे प्रतिकारशक्तीला कॅन्सरविरुद्ध चेतवणाऱ्या औषधांची, गरज पडली तर नवं लिव्हर नाकारलं जाण्याचा धोकाही असतो.

## केमो का पुरेशी पडत नाही?

एफएलसीसाठी सर्वमान्य ठरलेली औषधयोजना आजही नाही. सिस्प्लॅटिनवर आधारलेली केमो, 5-फ्लुरोयुरॅसिल आणि इंटरफेरॉनची जोडी, जेमसिटाबीन आणि ऑक्सॅलिप्लॅटिन, हे सगळं वापरलं जातं. काहींच्या गाठी आक्रसतात आणि ऑपरेशन शक्य होतं. अनेकांना फायदा होत नाही. नेहमीच्या लिव्हर कॅन्सरची सोराफेनिबसारखी गोळी इथे फारशी चालत नाही. लिव्हरपुरती मोठी गाठ असेल तर धमनीतून किरणोत्सारी मणी सोडून ती लहान करण्याचा प्रयत्न करतात.

मग बिघडलेलं एन्झाइमच औषधाने बंद का करत नाहीत? कारण त्या एन्झाइमचा काम करणारा भाग हृदयापासून मेंदूपर्यंत सगळीकडच्या निरोगी एन्झाइमसारखाच आहे. सरसकट बंद केलं तर सगळ्या शरीराला त्रास. गाठीत वेगळं आहे ते फक्त दोन जनुकांच्या जोडाचं ठिकाण. म्हणून नव्या प्रयत्नांचा रोख त्या जोडावर आहे. जॉन्स हॉपकिन्समध्ये त्या जोडाची ओळख प्रतिकारशक्तीला करून देणारी लस दोन इम्युनोथेरपी औषधांसोबत दिली गेली. 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालांत सुरुवातीचे डोस पूर्ण केलेल्या 12 पैकी 3 रुग्णांच्या गाठी ठळकपणे आक्रसल्या. संख्या लहान आहे, त्यावरून बरं होण्याचा वायदा करता येत नाही. पण ऑपरेशनच्या पलीकडे गेलेल्या आजारात तिघांना मिळालेला हा प्रतिसाद दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

केमो सुरू होण्याआधी शुक्राणू किंवा बीजांडं गोठवून ठेवण्याबद्दल विचारायचं राहू नये. रुग्ण पंधरा वर्षांचा असला तरी. गडबडीत हा विषय कुणी काढत नाही आणि नंतर काढून उपयोग नसतो.

## अचानक बडबड, गुंगी: अमोनियाचा धोका

हा भाग या आजाराच्या प्रत्येक घराला पाठ हवा. काही रुग्णांच्या रक्तात अमोनिया अचानक चढतो. प्रथिनं पचताना अमोनिया तयार होतो आणि लिव्हर त्याचं युरियात रूपांतर करून लघवीवाटे काढून टाकतं. एफएलसीमध्ये लिव्हर चांगलं असूनही ही साखळी बिघडू शकते. सुरुवातीची लक्षणं किरकोळ वाटतात: झोप उलटसुलट, चिडचिड, बोलताना शब्द अडकणं, हात पुढे धरल्यावर पंजे फडफडणं. पुढे भ्रम, गुंगी, कोमा. ऑपरेशन, नव्या औषधाची सुरुवात, इन्फेक्शन, उपाशी राहणं किंवा बद्धकोष्ठ यांनंतर हे होऊ शकतं.

इमर्जन्सीत नेल्यावर "सिरॉसिस नाही, बिलिरुबिन नॉर्मल, म्हणजे लिव्हरमुळे नाही" असं समजून मेंदूच्या स्कॅनमध्ये किंवा मानसिक कारण शोधण्यात तास जातात. म्हणून फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवावं: "एफएलसी. वागण्यात बदल झाल्यास लगेच अमोनिया तपासा."

तपासणीचीही एक रीत आहे. दंडाला पट्टा फार वेळ आवळू नये, ट्यूब लगेच बर्फात ठेवावी आणि 15 ते 30 मिनिटांत लॅबमध्ये पोहोचवावी. ट्यूब टेबलावर पडून राहिली तर रक्तातच अमोनिया वाढत जातो आणि आकडा खोटा येतो.

उपचारात शिरेतून ग्लुकोज, थोड्या काळासाठी प्रथिनं बंद, आणि लॅक्ट्युलोज हे पोट साफ करणारं औषध. इथे लॅक्ट्युलोज एकट्याने बहुतेक वेळा पुरत नाही. सोडियम बेंझोएट, फिनाइलब्युटिरेट, आर्जिनिन अशी अमोनिया बाहेर काढणारी औषधं लागतात. ही लहान मुलांच्या चयापचयाच्या आजारांत वापरली जातात, त्यामुळे त्या विभागाच्या डॉक्टरांना बोलवावं. आकडा फार चढला तर डायलिसिस. स्टेरॉइड आणि फिट्सवरचं व्हॅल्प्रोएट अमोनिया वाढवू शकतात, ती विचारपूर्वकच द्यावी. आणि आठवडेच्या आठवडे प्रथिनं तोडायची नाहीत. शरीर स्वतःचे स्नायू मोडू लागतं आणि अमोनिया उलट वाढतो.

## "हा सौम्य प्रकार आहे" असं ऐकलं, ते खरं का?

जुन्या पुस्तकांत तसं लिहिलं गेलं, कारण तुलना सिरॉसिसच्या रुग्णांशी झाली होती. सिरॉसिस नसलेल्या, त्याच टप्प्यावरच्या नेहमीच्या लिव्हर कॅन्सरशी तुलना केली तर फार फरक दिसत नाही. रुग्ण तरुण असतात आणि लिव्हर मजबूत असतं, म्हणून ते मोठं ऑपरेशन सोसतात. गाठ पूर्ण काढता आलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जण पाच वर्षांनंतर हयात असल्याचं बहुतेक रुग्णालयांचा अनुभव सांगतो. काढताच न आलेल्यांचं चित्र बरंच वाईट आहे.

ऑपरेशन झालेल्यांमध्येही निम्म्याहून अधिक जणांत आजार परततो, बहुधा पहिल्या दोन-तीन वर्षांत, कधी त्याहून बऱ्याच उशिरा. म्हणून पहिली दोन वर्षं दर तीन-चार महिन्यांनी छाती आणि पोटाचा स्कॅन, नंतर सहा महिन्यांनी, आणि पाच वर्षं झाली म्हणून तपासणी बंद करायची नाही. परतलेली गाठ एक-दोन ठिकाणीच असेल तर ती पुन्हा काढतात. दोनदा, तीनदा ऑपरेशन होऊन वर्षानुवर्षं जगणारे रुग्ण आहेत.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी एक गोष्ट सर्जन आणि पॅथॉलॉजिस्ट दोघांशी ठरवून ठेवावी. काढलेल्या गाठीचा मेणाचा ठोकळा जपून ठेवायचा, आणि सोय असेल तर ताज्या गाठीचा तुकडा लगेच गोठवायचा. पुढे नव्या औषधाच्या एखाद्या चाचणीत भाग घ्यायची वेळ आली की फ्यूजनचा पुरावा बऱ्याचदा त्या तुकड्यातूनच मागितला जातो. गाठ एकदा पूर्ण फॉर्मलिनमध्ये, म्हणजे नमुना टिकवणाऱ्या रसायनात, टाकली की गोठवलेला नमुना मागाहून मिळत नाही.